सईने नदी लाल रंगवली

प्रिय ताई,

उद्या सकाळी अकरा वाजता सईची शाळेत दुसऱ्यांदा तपासणी आहे. मॅडम त्याच आहेत. मागच्या वेळी तू तिला घेऊन गेली होतीस. आता तू नाहीस, म्हणून मावशी, म्हणजे मी, जाणार. त्याआधी तुला काही सांगायचं आहे. सगळंच तुला आवडेल असं नाही.

स्वमग्न मुलांसाठी वेगळा वर्ग असलेली, आपल्याला परवडणारी ती एकच शाळा. मॅडमनी सईला नदी काढायला सांगितली. तिने आपल्या घरामागची खाडी काढली आणि लाल रंगवली. "पाणी कोई दिवस लाल होय, बेन?" पाणी कधी लाल असतं का, असं गुजरातीत म्हणून त्या शेजारच्या बाईंकडे बघून हसल्या. अहवालात लिहिलं, 'रंगज्ञान नाही, सध्या प्रवेश देऊ नये.' तू काय केलंस? तूही हसलीस. "घरी शिकवते, मॅडम," म्हणालीस.

घरी येऊन तू पेटीतले लाल, जांभळे, तपकिरी खडू काढून घेतलेस. रोज संध्याकाळी तिचा हात धरून घोकवायचीस, "पानी निळंच ऱ्हास, सई," पाणी निळंच असतं. तिने चित्र काढणंच सोडलं. मला तुझा राग येतो, ताई. काविळीने माणूस गेलं की त्याच्या चुकाही गेल्या, असं घरात सगळे वागतात. मला ते जमत नाही.

आणि मी तरी काय केलं? सचिन गावातल्या डाइंग हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, मी दिवसभर शेड जुळवते. गिऱ्हाइकाला न दिसणारा फरक मला दिसतो. तरी तुला म्हणाले होते, "जाऊ दे ना, निळा दे तिला." बमरोलीच्या त्याच खाडीच्या पुलावरून रोज स्कूटर नेत होते, समोर बघत. खाली कधी पाहिलं होतं?

मागच्या महिन्यात तांदळाच्या डब्यामागे ते खडू सापडले. सकाळची वेळ होती. मी ते सईपुढे ठेवले. तिने खाडी काढली, जांभळी. मी तशीच पुलावर गेले. पाणी जांभळं होतं.

मग आम्ही लॅबमध्ये करतो तसं मी केलं. वीस दिवस रोज खाडीचं पाणी बाटलीत भरलं, वर तारीख आणि वेळ चिकटवली, शेजारी सईचं त्या दिवशीचं चित्र ठेवलं. गिरण्यांतून ज्या दिवशी जो रंग सुटला, तोच तिच्या कागदावर. दोन दिवस जुळले नाहीत. त्या दोन्ही दिवशी मी बाटली दुपारी भरली होती, तिने पाणी सकाळी पाहिलं होतं. चूक माझी.

"सई, आज पाणी कसलं?"

ती मान वर करत नाही. "मेंदी."

हिरवं नाही म्हणाली. मेंदी. आमच्या लॅबमधल्या नव्या मुलींना हे शिकवायला सहा महिने लागतात.

उद्या वीसच्या वीस बाटल्या मॅडमच्या टेबलावर मांडणार आहे, बाकीचे पालक समोर बसलेले असताना. निळ्या दोनच आहेत. उरलेल्यांचे रंग त्यांनी स्वतः, मोठ्याने सांगायचे. मग जुना अहवाल त्यांच्याच हाताने खोडून घेणार, खाली तारीख आणि सही. त्या कदाचित हसून वेळ मारून नेतील. मी हसणार नाही.

भाऊजी म्हणतात, "तुझ्या हट्टापायी पोरीचा प्रवेश जाईल." जाऊ शकतो. रात्रंदिवस तोच विचार केला आहे. पण तो कागद तसाच राहिला, तर प्रत्येक शाळा आधी तोच वाचेल आणि मग सईकडे बघेल. अहवाल एकदा खोडला, की 'नाही' म्हणायला त्यांच्याकडे कारण उरत नाही.

तुला वचन देते, ताई. सई त्याच शाळेत जाईल. तिला सोडायला रोज मीच जाईन, मॅडमच्या दारावरून. रोज थांबून नमस्कार करीन, आणि त्यांनी मान वर करून उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तुझी धाकटी,
स्नेहल