वाढत्या अंगाची गाडी

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. वहिनी म्हणाली, पाठव, पाकीट डोळ्यांसमोर राहिलं तर कधी ना कधी फोडेलच तो. आता फोडलंच आहेस तर मधेच टाकून उठू नकोस. एकदाचं सांगून टाकते, मी गाडी घेतली. स्कूटर नाही, डर्ट बाईक, चिखलादगडांतून चालवतात ती. हो, मीच. जिला सायकलवर वळण घेताना रडू फुटायचं, तीच तुझी बहीण. हसायचं तर हस, चिडायचं तर चीड, पण शेवटपर्यंत वाच.

हौस म्हणून घेतलेली नाही, एवढं तुला कळेलच. दरड कोसळून वरचा रस्ता नदीत गेला, तेव्हापासून दवाखान्याची जीप अर्ध्यावर जाऊन थांबते. पुढे नुसती दगडगोट्यांची वाट, चढ असा की बोलता बोलता दम लागतो. डॉक्टर बदली घेऊन गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणजे वरच्या वस्त्यांना नर्स म्हणून मी एकटी. मागे एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना म्हणून निरोप आला. मी धावतपळत निघाले, पण त्या चढावर धावणार किती? पोहोचले तेव्हा बाई गेली होती. तिच्या सासूने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी उतरतानाच मी ठरवलं की आता पायी जायचं नाही.

गाडी घ्यायची म्हटल्यावर जो तो एकच म्हणायला लागला, भावाला विचार. जीपचा ड्रायव्हर तर हात धुऊन मागे लागला. एवढा भाऊ गॅरेजवाला, शर्यतीच्या गाड्या उघडून परत जोडणारा, आणि ही बया परक्या दुकानात जाऊन विचारते! मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. त्याला वाटलं भांडण आहे. वाटू दिलं.

दुकानदाराने आधी मला स्कूटरकडेच नेलं. डर्ट बाईक म्हटल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होतास. मग एकदम दुसरं टोक, थेट शर्यतीची गाडी पुढे केली. लाल, उंच, सीट माझ्या बरगड्यांपर्यंत. म्हणतो कसा, मॅडम, सुरुवातीला जड वाटेल, पण हीच घ्या, नंतर बदलायची भानगड नको. मी म्हटलं, ही जरा जमिनीवर आडवी करा, मला उचलून बघायचीय. तो बघतच राहिला. अरे, पडणार तर मी आहेच, आणि त्या वाटेवर उचलायला येणार कोण? मला गाडीतलं काही कळत नाही, पण पडलेलं माणूस कसं उचलायचं ते कळतं. पाठ त्याच्याकडे करायची, गुडघ्यांत वाकायचं, कंबर ताठ ठेवायची आणि जोर मांड्यांनी लावायचा. माझ्या दुप्पट वजनाचे पेशंट मी असेच उठवून बसवलेत. लाल गाडी जागची हलली नाही. दुसरी अर्ध्यावर आली आणि मला घेऊन परत खाली बसली. दुकानातली माणसं तोंड दाबून हसत होती. हसू देत बापडी, मला काही लाज वाटली नाही.

शेवटी मागच्या अंगणात धूळ खात उभी असलेली एक जुनी निघाली. शिकाऊ लोकांना देतात तसली, लहान इंजिनाची, बुटकी, बटणावर सुरू होणारी, हातातली मूठ जरा जास्त पिळली गेली तरी उसळी न मारणारी. ती मी आडवी केली आणि उचलली, पुन्हा केली, पुन्हा उचलली. दुकानदार म्हणाला, एका झटक्यात सुरू होते बघा. मी आधी इंजिनाला हात लावला, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावते तसा. चांगलं गरम होतं. म्हणजे पुढे मला नाचवत असताना मागे कुणाकडून तरी ती तापवून घेतली होती शहाण्याने! म्हटलं, उद्या येते, आणि मी येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर ती खोकली, काळा धूर ओकली आणि बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर चालू झाली. मग त्याच्याकडून सगळं दुरुस्त करून घेतलं, पुन्हा गार असताना सुरू करून बघितली, आणि तेव्हा कुठे हो म्हटलं. बूट, हेल्मेट आणि गुडघ्यांची कवचं गाडीच्याही आधी घेतली होती. ते बूट घालून मी बदकासारखी चालते.

बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात शिकले. गुरू कोण, तर जीपचा ड्रायव्हर. स्वतः कधी दोन चाकांवर बसलेला नाही, दगडावर बसून चहा पितो आणि सूचना देतो. क्लच सोडताना पडले, ब्रेक दाबताना पडले, एकदा तर नुसती उभी असताना पडले. मनगट सुजलं, मांडी काळीनिळी झाली. आता पायांवर उभं राहून चढ चढता येतो, उतारावर पुढचा ब्रेक जपून दाबते. बरी चालवते असं नाही म्हणणार. चालवते.

टिल्लूचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग या पत्राला अर्थ काय? आपल्या घरात मापाचं कुणी काही घातलंच नाही. बाबा शाळेचे बूट एक नंबर मोठेच आणायचे आणि पुढे कागदाचे बोळे कोंबायचे. तुझा शर्ट गुडघ्यांपर्यंत, माझा फ्रॉक घोट्यांपर्यंत, सगळं वाढत्या अंगाचं. तू बाप झालास, टिल्लूला पहिली गाडी घेतलीस, तीही तशीच, वाढत्या अंगाची. उगाच वेगात नव्हता रे तो. उतारावर थांबला, पाय टेकवायला गेला, आणि पाय पोहोचलाच नाही, गाडीसकट खाली गेला. गाडी उंच होती, दादा. तुला खोटं सांगून मी गोंजारणार नाही. पण ती तू लाडाने घेतलीस, आणि लेकराला मोठं होताना बघायचं होतं म्हणून घेतलीस, हेही तितकंच खरं आहे. त्या दिवशी तू गॅरेजचं शटर खाली ओढलंस ते आजवर वर केलं नाहीस. जेवतोस, झोपतोस, भिंतीकडे बघतोस. वहिनीचाही मुलगा गेलाय, आणि तिला रडायलासुद्धा तू जागा ठेवलेली नाहीस. मला याचा राग येतो, आणि तुझी फार आठवणही येते.

उद्या सकाळी मी पहिल्यांदा एकटी गाडीवर वर जाणार आहे. वस्तीत एका पोरीचे दिवस भरलेत, पाय सुजलेत, बीपी चढलंय, तिला आणखी थांबवता येत नाही. वाट मी चालत जाऊन बघून आलेय. एका जागी खाली सरळ नदी आहे आणि दगड पायाखालून सरकतात. तिथे मी पडले तर कुठल्या बाजूला पडेन ते माझ्या हातात नाही. मला भीती वाटते, दादा, हे दुसऱ्या कुणाला बोलले नाही. हे पत्र आधी पोस्टात टाकेन आणि मगच किल्ली फिरवेन. तुला मी एका शब्दाने विचारलं नाही ते रागाने नाही. तू माझ्यासाठी जगातली सगळ्यात चांगली गाडी शोधली असतीस, मला ठाऊक आहे. पण पुढे मला काही झालं असतं, तर तेही तू स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतंस, आणि मग तू उठलाच नसतास. म्हणून दुकान मी शोधलं, गाडी मी निवडली, तुझा यात कणभर हात नाही. उद्या माझं काही बरंवाईट झालंच तर माझ्यासाठी रड. पोटभर रड. पण बहीण गेली म्हणून रड, गुन्हेगारासारखा रडू नकोस.

तुझीच,
धाकटी