उजवीकडे कलंडणारी गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा कलंडली! पाचव्या दगडावर, आणि उजवीकडेच. रिमोटवरची हातभर लांब गाडी, पण तोरा बघा! चेसीच्या दोन्ही पट्ट्या मी स्वतः कापल्या, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या. बॅटरी पुढे नेली, खाली नेली. एक चाक दगडावर चढलं की बाकीची तीन जमीन सोडत नाहीत, इतका ॲक्सल मोकळा फिरतो. आणि वरच्या दगडाशी गेली की धप्प.

अंगणातला हा चढ आबांनी रचलेला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, लेकीच्या खेळण्यासाठी दोन दिवस दगड निवडत बसला होता. "वरचा गोटा मुद्दाम तिरपा ठेवला, शिले. चढवून दाखव." मार्चमध्ये अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजही फारशी राहिलेली नाही. आठ महिने झाले. आता कोणाला चढवून दाखवू?

४ नोव्हेंबर

दिवसभर आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना मोजमाप शिकवायचं आणि घरी येऊन स्वतःच्या गाडीपुढे हात टेकायचे!

मोटारने जोर लावला की शाफ्टचा पीळ चेसीला बसतो आणि अंग उजवीकडे झुकतं, असं माझं मत. म्हणून ती बाजू उचलायला उजव्या शॉकअपच्या स्प्रिंगवर एक चकती घातली. ओट्यावर आणून ठेवली – रोजचीच जागा, आबांच्या खुर्चीशेजारी, तोंड अंगणाकडे. बघते तर डावी बाजू दबलेली. मग डावीकडे दोन चकत्या. आता ओट्यावर अशी सरळ उभी, की बघत राहावं! चढावर नेली. पाचवा दगड. उजवीकडे.

शेजारच्या बनाबाई दिवसा आबांजवळ बसतात. जाताना म्हणाल्या, "आज बी पानी सांडलं तुह्या बापानं. प्याले देल्लं त गिलासच उपडा केला."

६ नोव्हेंबर

संघपालचा पुण्याहून फोन. धाकटा असून मोठ्यासारखा बोलतो. "ताई, तू एकटी किती दिवस करशीन? इकडं एक चांगलं केंद्र हाय, तिथं ठेवू. त्याईले काय समजते आता, घर काय अन् केंद्र काय!" फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात ग्रीसने भरलेले. आबा दोन फुटांवर बसलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. मी पुसली. आणि "हाव" म्हणून होकार दिला.

सोळा तारखेला, रविवारी येतोय न्यायला.

मला सुटल्यासारखं वाटलं. इथे तरी खरं लिहावं.

९ नोव्हेंबर, रविवार

अख्खी सुट्टी गाडीत घातली. मागचा ॲक्सल धरणाऱ्या वरच्या दांड्या एक भोक खाली घेतल्या. शॉकअपमध्ये जाड तेल भरलं. मग पातळ. सगळं करून परत ओट्यावर – पुन्हा डावी बाजू किंचित खाली. अजून एक चकती डावीकडे. आणि चढावर आता चौथ्याच दगडाला कलंडते! जितकी सुधारते तितकी बिघडते. माझ्या हाताला यशच नाही. गाडीतही नाही, घरातही नाही.

तेवढ्यात आबांनी डाव्या हाताने पेला उचलला आणि गाडीशेजारी ओतला. स्पीड कंट्रोलरच्या वायरी भिजता भिजता राहिल्या. मी किंचाळले, "आबा, तुमी काऊन असं करून राह्यले! मले तरास द्याले?" ते "अँ... अँ..." करत राहिले, हात हलवत राहिले. मी फडक्याने खसाखसा पुसलं आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. पाठ माझ्याकडे.

तशीच ठेवली, जेवायची वेळ होईपर्यंत.

१२ नोव्हेंबर

गाडीला हात लावला नाही. आबा जेवले नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आबांचे कपडे भरले. तीन सदरे, दोन लुंग्या, स्वेटर. पेटीच्या तळाशी त्यांचा भिंत तपासायचा ओळंबा निघाला, दोरी अजून नीट गुंडाळलेली. तिथे काय कामाचा? ठेवून घेतला.

बनाबाई मदतीला होत्या. "जाऊ दे वं माय, रडू नको. त्याले कायचं कळते? तूच मरून राह्यली." आबांच्या तोंडावर बोलल्या. आम्ही सगळेच बोलतो. खुर्चीसमोर बोलावं तसं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या जाणार म्हणून आबांची खुर्ची अंगणाकडे वळवली. सवयीने गाडीही आणून शेजारी ठेवली. पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे बघत पेला हळूहळू ओतला. आज फडकं आणायला उठले नाही. म्हणून दिसलं – पाणी गाडीच्या उजव्या चाकांखालून निघालं आणि डाव्या चाकांखालून सरळ मोरीकडे गेलं.

ओट्याला उतार आहे! पाणी जायला गवंडी देतो तसा. आणि हा ओटा आबांनी बांधलाय. मी उतारावर गाडी सरळ करत बसले होते, आणि ते रोज मला पाणी ओतून दाखवत होते.

डावीकडच्या सगळ्या चकत्या काढल्या. गाडी वरच्या तिरप्या दगडावर जाऊन उभी राहिली. आबांकडे बघायचा धीर झाला नाही.

संघपालला कळवलं, येऊ नको.

त्यांना सगळं समजतं. आठ महिन्यांत ओट्यावर बोललेलं सगळं. माझं "हाव" सुद्धा.