बंद घरातला लाल दिवा

आणि दादा, तू अजून म्हणतोस की वायर दोन दिवसांसाठी ओढली होती. तीन पावसाळे गेले. काल फोनवर तेच परत बोललास आणि मधेच फोन कापलास, म्हणून आता कागदावर लिहितो. कागद मधेच कापता येत नाय.

मी साईनाथ नामा गोजर, वय सव्वीस, सहावी पास, राहणार धसईजवळची गोजरवाडी, हल्ली कामासाठी मुक्काम भुज. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यायलेलो नाय, कोणी बळजबरी केलेली नाय. गेल्या आठवड्यात आमच्या तार ओढणाऱ्या गँगमधला एक जण विजेच्या टॉवरवरून पडला. जगला, पण पाय गेला. तेव्हापासून वर चढताना मला घरचं कुलूप आठवतं. म्हणून माझ्या माघारी काय कोणाचं, ते ह्या मृत्युपत्रात लिहून ठेवतो.

१. घर. वाटणीत दादाला बाबांचं जुनं घर आलं, मला मागची मोकळी जागा. तिथं आईच्या नावानं बचत गटाचं कर्ज काढून मी दोन खोल्या बांधल्या आणि कुलूप लावून कामाला आलो. नव्या घरात चार रात्री पण निजलो नाय. ह्या खोल्या माझ्या माघारी आईच्या, हिराबाई नामा गोजर हिच्या. तिच्यामागं मनस्वीच्या. मनस्वी दादाची मुलगी असली तरी, मला फोनवर "काका, कधी येणार" असं विचारणारी तीच एक आहे. दादाचा ह्या खोल्यांवर हक्क नाय.

२. मीटर. मीटर माझ्या नावावर, माझ्या पुढच्या खोलीत. दादाच्या घरची वीज थकबाकीपायी तोडलेली, म्हणून मी निघालो त्याच आठवड्यात त्यानं पत्र्याखालून वायर ओढली. चावी त्याच्याचकडे. रीडिंगवाला आला की दादा उघडत नाय. मग तो बिचारा 'घर बंद' लिहितो आणि अंदाजाचं बिल येतं. ते मी इथून भरतो. दादा वर मला सांगतो, बघ किती कमी आलं. अरे, पण मीटर फिरतंय ना. ज्या दिवशी कोणी कुलूप उघडून आकडा बघेल, त्या दिवशी तीन वर्षांचं सगळं एकदम अंगावर येईल. मी नसलो तर आईच्या अंगावर. त्या महिन्यात गटाचा हप्ता चुकणार, आणि गटाची अध्यक्ष जनाबाई बाया घेऊन आईच्या दारात बसणार. मला भीती आहे ती त्या दाराची.

३. दादाचं स्टेटस मी रोज बघतो. नाय बघायचं ठरवतो आणि बघतो. फ्रिज, मिक्सर, मनस्वीच्या बड्डेला अंगणभर माळा. माधुरी वहिनी सरबताच्या पिशव्या गोठवून शाळेतल्या पोरांना विकते, त्याचा पण फोटो. मागं माझं घर दिसतं, काळं. उजेड माझा आणि फोटो त्याचे. इथं मी दिवसभर हायटेन्शनची तार ओढतो, आणि घरची एक तार मला काढता येत नाय.

पहिल्यापासून असंच. म्हसा गावच्या जत्रेत बाबा दादाला खांद्यावर घ्यायचे, मी त्यांच्या शर्टाचं टोक धरून चालायचो. दादा वरून ओरडायचा, "साई, पाळणा दिसला रे." मला लोकांच्या पाठी दिसायच्या.

४. जत्रेतून घेतलेली घोंगडी आईला. वहिनीनं ती पाहुण्यांना अंथरायला काढू नये. सेफ्टी बेल्ट कंपनीचा आहे, परत द्यावा. पक्कड दादाला. ती माझ्या माघारी नको. माझा गँगमधला जोडीदार मंगळू जत्रेला गावी येणार आहे, त्याच्या हाती आत्ताच पाठवतो.

५. काल तू फोन कापल्यावर मी आईला लावला. म्हटलं, दादाला वायर काढायला सांग. ती म्हणाली, "नको रे काढू. सांच्याला मी तुझ्या खिडकीपाशी बसते. आत तो लाल दिवा लुकलुकतो. वाटतं, पोर आत हाय."

मी सांगितलं, तो मीटरचा दिवा. वीज खर्च होते तसा लुकलुकतो. दादाचा फ्रिज चालू झाला की भरभर.

"होवं दे," म्हणाली. "भरभर झाला की वाटतं, तू बोलतोस."

दादा, खरं सांगू, मला बरं नाय वाटलं. आई माझ्या नावानं तुझ्या फ्रिजशी बोलत बसते. तेवढं पण तुझ्याकडंच गेलं.

६. म्हणून एक गोष्ट माझ्या मरणाची वाट न बघता करायची. दादानं जुनी थकबाकी मिटवून स्वतःचं कनेक्शन घ्यावं. माझं कुलूप उघडून रीडिंगवाल्याला आकडा दाखवावा. जे बिल येईल त्याचे मुरबाडच्या वीज ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मागावेत, निम्मे त्याचे, निम्मे माझे. मग पक्कड घेऊन वायर कापावी. मेन स्विच पाडूनच कापावी, तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाय.

पण त्याआधी माझ्या पुढच्या खोलीत एक बल्ब लावावा. तो कोणी बंद करू नये, मी असलो काय नि नसलो काय. एका बल्बावर तो लाल दिवा अगदी हळू लुकलुकेल. आई विचारेल, आज असा का. तिला सांग, साई दमून आलाय, निजलाय.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, दोघांसमोर वाचलं आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: साईनाथ नामा गोजर

साक्षीदार:
मंगळू कोंडू उघडे, तालुका शहापूर, गँगमधला जोडीदार
सुनिल बाळाराम भोईर, वाशिंद, गँगचा हजेरीवाला

ठिकाण: भुज
तारीख: ७ डिसेंबर २०२५

गटाचा हप्ता, माझ्या वाट्याच्या बिलाचा अंदाजानं पहिला हप्ता आणि वरचे बल्बचे, मिळून आज आईच्या खात्यावर पाठवतो रुपये सहा हजार एकशेवीस फक्त.