एका खोक्यातली दोन कुलपं

४ मे
पुण्याहून सकाळी पोचले. मिलिंदकडे सोळा दिवस. लेक चांगला, सून चांगली, पण आपलं घर ते आपलं घर. मळमड्डीतलं घर गाठलं तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला. कुलूप जसंच्या तसं. मागच्या पडवीतली तुळस तरारलेली. वळीव झाला असणार.
संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देव्हाऱ्यातला करंडा नाही. आईचा. चांदीचा.

५ मे
सगळी कपाटं उपसली. नाही. मिलिंद फोनवर: "आई, तूच कुठंतरी ठेवला असशील." छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, आता विसरभोळी ठरवायची सोय झालीय माझी.
कडीकोयंडा धड. कुलपावर ओरखडा नाही. किल्ल्या दोनच, एक माझ्या कमरेला, दुसरी मिलिंदकडे. गंगव्वाला कधी दिली नाही. एकोणीस वर्षं भांडी घासतेय माझ्याकडे, तरी नाही. नियम म्हणजे नियम.
मग गेला कुठं?

६ मे
शेजारच्या नलूवहिनी येऊन बसल्या. फोनवर बघितलंय म्हणे, केसांच्या पिनेनं कुलूप उघडतं. वर, "कामवाल्यांच्या डोक्यातही पिना असतातच हो." रोख कळला. वहिनींच्या स्वतःच्या अंबाड्यात चार होत्या, पण ते काही मी बोलले नाही.

७ मे
गंगव्वा भांडी घासत होती. राहवलं नाही. "करंडा बघितलास?"
तिनं नळ बंद केला. "मी कशाला बघू, अक्का?"
उरलेली भांडी घासली, पालथी घातली, गेली. चहा न पिता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण रागानंही माणूस चहा सोडतं. काय समजायचं?

८ मे
गं. आली नाही.

९ मे
आजही नाही. मनगट दुखतंय. संताप येतो, तिचा का माझा, कळत नाही. घर खायला उठतं.

११ मे
कुलूप पिशवीत घालून मार्केटात मेहबूबसाबकडे गेले, किल्ल्या करतो तो. (दाराला तेवढ्यापुरतं ट्रंकेचं लावलं.) भिंग धरून भोकात बराच वेळ बघितलं त्यानं. तारेनं छेडलं की आतल्या पिनांवर ओरखडे राहतात, इथं तसलं काही नाही, किल्लीनंच उघडलंय म्हणाला. दाखवायला कापून ठेवलेलं एक कुलूप होतं त्याच्याकडे. आत स्प्रिंगांवर पाच पिना, कमीजास्त उंचीच्या. किल्लीच्या दातांनी सगळ्या एका रेषेत आल्या की फिरतं.
"पण किल्ली माझीच हवी ना?"
"तसं काही नाही, बाई. स्वस्तातल्या कुलपांत दातांचे नमुनेच थोडे. एका खोक्यातल्या दोन कुलपांची किल्ली एकच निघते कधीकधी. हे एकटंच घेतलं होतं?"
मी हो म्हणाले. धडधडीत खोटं.

त्याच दिवशी, दुपारी
जोडी घेतली होती, सहा वर्षांपूर्वी. एक इथं लावलं. दुसरं गं.ला दिलं, रायापूरला तिच्या घराला दार बसलं तेव्हा. दिवाळीच्या फराळाबरोबर, मोठ्या कौतुकानं. म्हणजे किल्ली कुणाला द्यायची नाही म्हणणारी मी, मीच दिली की.
तिला ठाऊक असेल? नसेल कशावरून?

१३ मे
हुबळीच्या बसनं रायापूर. माफी मागायला निघालेय असं वाटेत स्वतःला बजावत होते. दाराला तेच कुलूप. बोळात कुणी नाही. पायरीवर बसले थोडा वेळ. मग किल्ली काढली. नुसती लागते का बघायचं, उघडायचं नाही.
लागली. फिरली. कुलूप हातात.
"बर्री अक्का, या. उघडलंच आहे तर आत बर्री."
मागं गं. उभी. कमरेवर घागर.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरी आठवल्या.
आत बसवलं. चहा केला. समोरच देवाची फळी होती. मी मान वर केली नाही. तिकडं बघायला आले असं तिला वाटू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर भीतीनंही.
कप देताना तीच बोलली. "माझी किल्ली पण तुमच्या दाराला लागते. पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे."
मी कप खाली ठेवला.
"सोळा दिवस तुळशीला पाणी कोण घालणार होतं, अक्का?"
करंड्याचं तिनं काढलं नाही. मीही नाही. निघताना म्हणाली, परवा सातला येते.

१४ मे
पडवीवर पत्रा आहे, आणि तिथं जायची वाट घरातूनच. वळीव तिथं येतच नाही. एवढं साधं गणित सुटलं नाही मला.
म्हणजे ती आत यायची. पडवीपासून देव्हारा चार पावलं.
पण सहा वर्षं किल्ली होती तिच्याकडे. न्यायचंच असतं तर... आणि मग सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? कुलूपच बदललं असतं.
मेहबूबसाबकडून नवं आणलं, भारीतलं. किल्ल्या दोन. एक कमरेला लावली. दुसरी मिलिंदला पाठवायची म्हणून पाकिटात घातली. पाकिटावर अजून पत्ता घातलेला नाही.
उद्या सातला गं. येणार.