घोडीचा घास

आबा, परवा तुमची तिथी आहे आणि मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. आपल्या घरात कुणी कुणाला लिहीत नाही, जे असेल ते ओट्यावर बसून बोलायचं, नाहीतर गिळायचं. पण हे कुणाशी बोलता येत नाही, आणि गिळून वर्ष झालं तरी खाली उतरलेलं नाही. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. आज शाळेला सुट्टी आहे. गोठ्यात तुमची पाण्याची जुनी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आहे. समोर घोडी उभी आहे, चारी पायांवर. हे आधी सांगते, कारण तुम्ही तेच आधी विचारलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. बैलगाड्यांच्या शर्यती बंद पडलेल्या होत्या, आणि बैलांच्या पुढं धावण्यासाठीच जन्मलेली ती एवढीशी घोडी दावणीला उभी राहून खात होती. उंची कमी म्हणून आपल्या न्हावऱ्यातली माणसं तिला तट्टू म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, बैलाला काय टेप लावून मोजता येतंय व्हय पुढची घोडी केवढी हाय ते. मी तेव्हा दौंडला होते. नंतर आईसाठी म्हणून इकडे परत आले आणि शिरूरच्या शाळेत लागले. आईसाठी हे कारण खरंच होतं, पण पहिल्या दिवशी मी चप्पल न काढता आधी गोठ्यात गेले, आणि तिनं माझ्या खांद्याला नाक लावून तुमचा वास शोधला.

तिचं दुखणं लक्षात आलं तो तीन वर्षांपूर्वीचा वैशाख होता. सगळ्या जनावरांचे थंडीतले केस होळीपर्यंत झडतात, हिचे झडलेच नाहीत. उलट पोटाखाली, गळ्याखाली लांब आणि कुरळे झाले. रस्त्यानं जाणारे विचारायचे, घोडी हाय का मेंढी. आई म्हणाली, म्हातारपण हाय, तुझे आबा न्हाई का उन्हाळ्यात बी घोंगडं घ्यायचे. मग ती पाणी फार प्यायला लागली. सकाळी भरलेला हौद दुपारी तळाला जायचा आणि गोठा सतत ओला. पाठीवरचं मांस उतरून कणा वर आला, पोट मात्र गाभण असल्यासारखं सुटलं. दौंडहून जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. माझ्यापेक्षा लहान असतील, पण हात तुमच्यासारखा, घाई नसलेला. त्यांनी रक्त घेऊन पुण्याला पाठवलं आणि आठ दिवसांनी ओट्यावर बसून मला समजावलं. ह्याला कुशिंग म्हणतात. मेंदूच्या खाली एक लहानशी गाठ असते, ती शरीराला काय करायचं ते सांगत असते. हिची गाठ वाढलीय आणि ती थांबायचं विसरलीय. बरं होणार नाही. रोज गोळी द्यायची, आयुष्यभर. गोड बंद, उसाचं वाढं बंद, भरडा बंद. सुका कडबा, तोही पाण्यात भिजवून पाणी ओतून टाकलेला. आणि सगळ्यात जपायचं ते खुरांना. खुराच्या आत सूज आली की आतलं हाड सुटायला लागतं. पाऊस सरता सरता हा आजार आपोआप उसळतो, भादव्यात जास्त सांभाळा, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. भादवा म्हटल्यावर मला पित्रं आठवायला हवी होती. आठवली नाहीत.

चारी बाजूंना ऊस असलेल्या गावात घोडीला गोडापासून लांब ठेवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथं जनावरावर जीव आहे हे माणूस तोंडानं बोलत नाही, गुळाचा खडा पुढं करतो. तुमची आठवण काढणारा प्रत्येक जण खिशातून काहीतरी घेऊन यायचा. मी गोठ्याच्या दाराला पाटी लावली, घोडीला काही देऊ नये. त्यावर माणसं हसली. मास्तरीणबाईनं घोडीला उपास धरायला लावलाय म्हणाली. शिरूरहून केस कापायचं मशीन आणून तिला भादरली तेव्हा तर शेजारच्या काकूंनी हळद आणू का म्हणून विचारलं, नवरी इतकी गोरी निघालीय. मी पण हसले. तेव्हा हसता येत होतं, कारण गोळीनं गुण येत होता.

पण हा आजार सरळ चालत नाही, आबा. महिनाभर ती बरी असते, माझी गाडी वळणावर ऐकून खिंकाळते, आणि एका सकाळी डोळे मिटून कोपऱ्यात उभी असते. कधी साधी जखम दोन महिने भरत नाही. कधी दोन दिवस कडब्याला तोंड लावत नाही आणि तिसऱ्या दिवशी दावं तोडते. डॉक्टरबाईंना विचारलं की त्या खरं तेच सांगतात, सांगता येत नाही. मला आता वाईट दिवसांपेक्षा चांगल्या दिवसांची जास्त भीती वाटते. वाईट दिवशी काय करायचं ते ठाऊक असतं. चांगल्या दिवशी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असते आणि मधेच वाटतं, आत्ता, ह्या क्षणी तिकडे काहीतरी होतंय. खडू तसाच हातात राहतो. रोज सकाळी दार उघडायच्या आधी मी कान देऊन उभी राहते. आत तिच्या नाकाची फुर्रर्र ऐकू आली की मगच कडी काढते.

मग हात लावते. तुम्ही शिकवलात तसा. मी दहा वर्षांची होते, हिच्या आधीची घोडी होती, आणि तुम्ही तिच्यावर बसून घाटात चार गाड्यांपुढं धावून आला होता. शर्यतीच्या धावपट्टीला आपण घाट म्हणतो हे मला फार वर्षांनी विचित्र वाटलं, तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं ठिकाण होतं. गुलाल उडत होता, हलगी वाजत होती, आणि मी घामेजलेल्या घोडीपुढं धावत जाऊन गुळाचा खडा धरला. तुम्ही माझं मनगट धरलंत. एवढ्या माणसांत तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आधी हात, मग घास," म्हणालात, आणि गूळ काढून खिशात टाकलात. खाली बसून चारी खुरांवरून तळवा फिरवलात, मग घोट्याच्या मागं दोन बोटं टेकवून शीर बघितलीत. माझा हात तिथं नेऊन ठेवलात. काही लागत नव्हतं. "काय लागत न्हाई म्हंजी बरं हाय. लागली की समजायचं, आत आग हाय. तवा तिला सोनं जरी चारलं तरी इख." त्या संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना मात्र तो खिशातला खडा माझ्या ताटात ठेवलात. त्याला घोडीच्या घामाचा वास होता. मी तो खाल्ला. पुढच्या बाजारी यवतच्या लोहाराकडून माझ्या मुठीच्या मापाचा एक आकडा करून आणलात, खुरातली माती काढायचा. तो आत्ता माझ्याजवळ आहे. मूठ मोठी झाली, पण आकडा अजून हातात बसतो.

आता गेल्या वर्षीचं सांगते. त्यासाठीच बसले आहे.

तुमच्या तिथीला तुमचे पाठचे भाऊ, आप्पा, वरवंडहून सकाळीच आले. तुमच्या मागं तेच घरात वडीलधारे. आई आणि मी पहाटेपासून चुलीपुढं होतो, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि तुम्हाला आवडायची म्हणून गुळातली गव्हाची खीर. घास काढले, कावळ्याचा, गाईचा, कुत्र्याचा. आणि आपल्या घरात तुमच्या आज्यापासून चौथा घास घोडीचा असतो, तो मी आधीच्या दोन वर्षांसारखाच काढला नाही. आईनं पाहिलं. आप्पांनी पत्र्यावर कावळ्याचा घास ठेवला आणि आम्ही अंगणात उभे राहिलो. कावळे होते. चिंचेवर बसून बघत होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला, तास गेला. आप्पांनी हात जोडून तुम्हाला वचनं द्यायला सुरुवात केली, शेताचं बघतो, वैनीला काय कमी पडू देत न्हाई, पोरीला एकटी सोडत न्हाई. कावळा हललासुद्धा नाही. आई रडायला लागली. तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचा जीव घोडीत हाय. तिला उपाशी ठिवून ह्यो घास कसा शिवंल?"

मी त्यांना समजावलं. गाठ, रक्त, खूर, भादवा. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एक घास गं. वर्सातनं एक. त्यानं काय मरती व्हय?" त्यांनी ताटलीत खीर आणि वडा घेतला आणि गोठ्याकडं निघाले. मी मागोमाग गेले. दारातल्या माझ्याच पाटीपुढं ते थांबले. "तू न्हाई म्हनलीस तर न्हाई देत," म्हणाले. खरंच म्हणाले, आबा. आणि ताटली माझ्या हातात दिली.

मी दिली. माझ्या हातानं. तिनं दोन वर्षांत गोड चाटलं नव्हतं. तिनं ताटली चाटली, मग माझी बोटं चाटली, एकेक करून. मला इतका आनंद झाला की लाज वाटते. बाहेर आलो तर पत्र्यावर कावळा होता. आईनं हात जोडले. आम्ही जेवायला बसलो आणि सगळे तुमच्या गोष्टी सांगून हसलो.

तिसऱ्या दिवशी ती पुढचे पाय लांब ताणून, अंगाचा भार मागं टाकून उभी होती. मी बोटं टेकवली तर शीर हातोड्यासारखी उडत होती. खूर तव्यासारखे. पुढचे दीड महिने मी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात धरले, गोठ्यात वीतभर वाळू पसरली, ती आडवी पडली की तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरबाईंनी दोनदा मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस त्रास द्यायचा तिला, ठरवून ठेवा. मी ठरवलं नाही. ती उठली. लंगडते, पण उठली. आत हाड थोडं सुटलंय, आता पुन्हा तसं झालं तर उठणार नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय.

पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, गोड कोणी दिलं. आम्ही तिघं उभे होतो, आई, बातमी ऐकून आलेले आप्पा आणि मी. मी खाली तिच्या खुरांकडे बघत राहिले. आप्पा म्हणाले, "म्या दिलं, बाई. अडान्याच्या हातनं झालं." बाईंनी त्यांना चांगलंच झापलं. सत्तरीचा माणूस, टोपी हातात घेऊन ऐकत राहिला. मी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून आप्पा आले की फाटकाशीच थांबतात. घोडी त्यांना ओळखून खिंकाळते आणि ते तोंड फिरवतात. "नगं बाबा, माझा हात वाईट हाय," म्हणतात.

मी बाईंना नंतर विचारलं, एका ताटलीनं इतकं होतं का. त्या म्हणाल्या, होऊ शकतं, आणि तो हंगामच वाईट असतो, आधीपासूनही चालू असेल. हे आधीपासूनचं मला सोडत नाही. कारण त्या दिवशी पहाटेपासून मी चुलीपुढं होते आणि सकाळी खुरांना हात लावलाच नव्हता. घास आधी दिला. कदाचित तेव्हाच शीर लागत होती. तुमच्याच तिथीला तुमचंच एक वाक्य मी विसरले, आणि कशासाठी, तर तुम्ही माझ्यावर नाराज होऊन चिंचेवर बसला आहात असं मला वाटलं म्हणून. ज्यानं घामेजल्या घोडीपुढचा गूळ काढून घेतला, तो आजारी घोडीचा घास मागेल का, एवढं मी स्वतःला विचारलं नाही. दहा वर्षांच्या पोरीसारखी घाबरले, तुम्ही पुन्हा संध्याकाळपर्यंत बोलणार नाही म्हणून.

परवाचं मी ठरवलं आहे. चौथा घास काढणार, पण भिजवलेल्या कडब्याचा, मूठभर. आधी चारी खुरांना हात लावणार. आणि तो घास आप्पांच्या हातून द्यायचा आहे. कावळा आला नाही तर दुपार टळेपर्यंत उभी राहीन, आई रडली तरी. पण ठरवणं वेगळं आणि अंगणात उभं राहणं वेगळं.

तुमचा गुळाचा पितळी डबा आता तिच्या गोळ्यांचा आहे. झाकण वाजलं की ती अजून कान टवकारते. भाकरीच्या तुकड्यात लपवलेली गोळी खाते आणि मग डब्याकडे बघत थोडा वेळ उभी राहते. ह्या पत्राची घडी त्याच डब्यात गोळ्यांच्या पाकिटाखाली ठेवीन. आज सकाळी पुढचा डावा खूर थोडा कोमट लागला. उन्हानं असेल. दोन बोटं टेकवली तर काही लागलं नाही, की माझीच बोटं थरथरत होती, ते नीट कळलं नाही. पत्र झालं की पुन्हा बघते.

आप्पांना गोठ्यात बोलवायचं तर आधी खरं सांगावं लागेल, घास माझ्या हातचा होता आणि बाईंसमोर मी गप्प बसले, हे. त्यांना ते ठाऊक आहे. तरी मला सांगावं लागेल. मघापासून फोन मांडीवर आहे, आबा. अजून लावलेला नाही.