नाडी चालू आहे

३, सोमवार

आज पोलीस ठाण्यात हजर झालो. दुमजली इमारत, पुढे मोठं आवार, खिडक्यांना ताजा हिरवा रंग आणि त्याचे शिंतोडे काचांवर तसेच. मला वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. खाट, टेबल, दोन खुंट्या. एकट्या जिवाला आणखी काय हवं!

प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात पहिला आलो, म्हणून लाल पिशवी माझ्याच गळ्यात. ताई फोनवर म्हणाली, घरात एक नर्स पुरे होती, आता भाऊही रक्त पुसणार. फौजदारसाहेबांनी पिशवीतली एकेक वस्तू हातात घेऊन कशाला लागते ते विचारलं. इतका रस घेणारा साहेब मिळायला नशीब लागतं. हवालदारकाकांनी मात्र नाक मुरडलं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, नवं काही सोसत नसणार.

७, शुक्रवार

आज मी माणूस वाचवला. ट्रकने दुचाकीवाल्याला उडवलं होतं, मांडीतून रक्ताची चिळकांडी. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली, तोवर मी पट्टा आवळून धरला. तिच्यातला डॉक्टर म्हणाला, हा पोलीस नसता तर हा माणूस गेला होता. पूर्वी आमचे लोक म्हणे रस्त्यावर खडूने रेघा मारत उभे राहायचे.

ठाण्यात आता सगळे मला डॉक्टर म्हणतात. साहेबांच्या हुकमाने रोज हजेरीनंतर मी अर्धा तास वर्ग घेतो. पोत्यात चिंध्या भरून बाहुला केलाय. आमचा पैलवान शिपाई, त्याने पहिल्याच दाबात बाहुल्याची शिवण उसवली. मी म्हणालो, बरगडी मोडली तर मोडू दे, माणूस जाता कामा नये. सगळे खो खो हसले. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

११, मंगळवार

दुपारी मागच्या खोलीत बोलावणं आलं. फरशी ओली, बादली उपडी, आणि मधे एक बारीकसा माणूस पडलेला. श्वास नाही. मी काही विचारलं नाही, गुडघ्यावर बसलो. तीस दाब, दोन श्वास. चार मिनिटांनी तो खोकला, पाणी ओकला. मला रडूच आलं. आनंदाने.

तो घड्याळजी आहे. बाजारात कोपऱ्यावर बसून घड्याळं दुरुस्त करतो. त्याचा मेहुणा खून करून पळालाय आणि तो कुठे आहे हे याला माहीत असणार, असं साहेबांचं म्हणणं. मी म्हणालो, याला दवाखान्यात हलवायला हवं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "दवाखाना कशाला? तू आहेस ना."

मी बाहेर आल्यावर दार लागलं. नळ सुरू झाला.

१२, बुधवार

आज दोनदा बोलावणं. दोन्ही वेळा आणला परत.

संध्याकाळी हवालदारकाका जिन्यात भेटले. खालच्या आवाजात सगळं सांगितलं. पूर्वी माणूस मऊ पडला की हात थांबायचा. कारण मग दवाखाना आला, डॉक्टर आला, डॉक्टरने वळ मोजून कागदावर लिहिणं आलं. साहेब फक्त त्या कागदाला भ्यायचे. आता घरचाच डॉक्टर आहे. काका म्हणाले, "तुझी पिशवी आली, आणि तो कागद गेला."

मला त्यांचा राग आला. मग कळलं, राग त्यांचा नाही.

१४, शुक्रवार

साहेबांना म्हणालो, मी आजारी आहे. ते म्हणाले, झोप, पैलवान बघेल, तूच शिकवलायस. पैलवान पोट दाबत बसतो, छाती नाही. त्याच्या हाताखाली घड्याळजी नक्की मरेल. म्हणून उठलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ताईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू त्याला वाचवत नाहीयेस, राजा. तू त्याला त्यांच्या माराला पुरवतोयस. आधी बाहेर काढ त्याला." वळ असलेला माणूस एकदा तिच्या दवाखान्यात आला की पुढचं ती बघेल, म्हणाली.

१५, शनिवार

आज तिसऱ्यांदा शुद्धीवर आल्यावर घड्याळजीने माझा हात धरला. बोटांची नखं — नको लिहायला. त्याला मेहुण्याचा पत्ता माहीत नाही. खरंच नाही. माहीत असता तर मंगळवारीच सांगितला असता.

माझ्या कानाशी म्हणाला, "डॉक्टर, पुढच्या वेळी जरा उशिरा या."

१७, सोमवार

बोलावणं आलं. गेलो नाही. ठाण्याच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. स्वतःचं नाव सांगितलं, मागच्या खोलीत माणूस मारताहेत असंही सांगितलं. आली. साहेब फाटकापाशी हसत उभे. नवीन पोरगा आहे, घाबरला, म्हणाले. चालकाने माझ्याकडे पाहिलं. मी ओरडणार होतो — पैलवानाचा हात माझ्या मानेवर होता.

रुग्णवाहिका रिकामी गेली.

तेवढ्यात आत घड्याळजी संपला. त्याच्यापाशी कोणी नव्हतं. त्याची सुटका झाली, असंच मनात आलं.

१८, मंगळवार

खोलीला बाहेरून कडी. फोन काढून घेतलाय. वही गादीखाली. आपलेच दात, आपलेच ओठ, मला काय करतील? बदली करतील.

साहेब दारातून एकच विचारून गेले. रुग्णवाहिकेशिवाय आणखी कोणाला सांगितलं?

कोणालाच नाही, म्हणालो.

२०? गुरुवार

मागची खोली. बादली. मी मोजत होतो — सवय — मग आकडे विसरलो.

पैलवान आता छातीच दाबतो. बरोबर जागी. बरगडी मोडली. माणूस गेला नाही.

वही त्यांनीच गादीखालून आणून दिली, मागची पानं कोणी उलटली नाहीत. डोकं ठिकाणावर आहे का ते बघायचं, म्हणजे तारीख लिहून घ्यायची, मीच शिकवलेलं. तारीख लिहिली. बरोबर आहे म्हणे. म्हणजे अजून चालेल.

कोणाला सांगितलं, पुन्हा तेच. मी सांगितलं नाही. सांगणार नाही.

शुक्र —

दोनदा गेलो. दोनदा आणलं. हवालदारकाका नाडी धरून बसले होते. रडत होते. पण मनगट बरोबर धरलं होतं. चालू आहे, म्हणाले साहेबांना.

नाव नाही घेतलं मी. एकदाही नाही. एवढं तरी

तारीख माहीत नाही

साहेब शेजारी बसलेत. मारत नाहीत. वही मांडीवर घेऊन पहिल्यापासून वाचत होते. मधेच हसले. चौदा तारखेच्या पानात बोट घालून ठेवलंय.

आता पेन माझ्या हातात देऊन म्हणतात फार नको एकच ओळ लिही ताई कुठल्या दवाखान्या