ऐकू न येणारा रहाट

रत्नागिरी, मंगळवार, १३ मार्च १९८४

लिहायलाही लाज वाटते, पण लिहितोच. संध्याकाळी कचेरीतून येताना खालच्या घरातल्या काकू भेटल्या. मी नेहमीप्रमाणे ध्यानाचं पुराण लावलं. मन स्थिर होतं, राग कमी होतो, वगैरे. शेवटी म्हटलं, "पूर्वी संध्याकाळी डोळे मिटले की विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर डोक्यात जायची. आता तो ऐकूसुद्धा येत नाही."

काकू म्हणाल्या, "येईल कसा? तुमची मंदा त्या वेळेला रोज आमच्या विहिरीवरून पाणी नेते. मला वाटलं, तुमचा रहाट मोडलाय की काय!"

रहाट धडधाकट आहे. सुरुवातीला मीच एकदा मंदावर ओरडलो होतो, "माझं ध्यान होईस्तोवर तो रहाट बंद ठेव!" तिने ठेवला. आणि भरली कळशी कमरेवर घेऊन ती चढण चढत राहिली. मी इकडे चटईवर शांत. ध्यान लागत होतं, की नुसतंच सामसूम होतं? कचेरीत किती जणांना हा रहाट ऐकवला मी!

घरी येऊन तिला विचारलं, "बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात," एवढंच म्हणाली.

मग मीच पाणी काढायला गेलो. केवढा कुरकुरतो हा रहाट! तोच मंदा घाईघाईने मागच्या दारात आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, राहू द्या. मी आणते खालून. तुमची बसायची वेळ झाली."